सुई कोणाच्या हाती द्यायची, हे ठरतं कुठं?

तज्ज्ञांच्या बैठका, सरकारी परिपत्रकं आणि आपल्या गावचं बाळंतपण

कपाशीची कोणती जात कोणत्या जमिनीत पेरावी, तुरीचं आंतरपीक किती ओळींआड घ्यावं, फवारणी कधी करावी, या शिफारशी कुठून येतात हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नको. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शास्त्रज्ञ प्रयोग घेतात. काही हंगाम आकडे जमवतात. मग राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ वर्षातून एकदा एकत्र बसतात. या बैठकीला सगळे 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात. ज्यानं प्रयोग केला त्याला तिथं उत्तरं द्यावी लागतात. काही शिफारशी मंजूर होतात, काही दुरुस्तीसाठी परत जातात. मंजूर झालेली शिफारस कृषी खात्यामार्फत बांधावर येते. आणि बांधावर आली की शेतकरी आपला ठरलेला प्रश्न विचारतोच, "हे बागायतीचं आहे का कोरडवाहूचं? आमच्या खारपाणपट्ट्यात चालते का हे?"

दवाखान्याचंही असंच असतं. उपकेंद्रातल्या सिस्टरनं कोणतं इंजेक्शन द्यावं, आशाताईच्या पिशवीत काय असावं, कोणतं यंत्र तालुक्याला ठेवावं आणि कोणतं जिल्ह्याला, हे कोणा एका डॉक्टरच्या मर्जीवर ठरत नाही. त्याच्याही बैठका असतात. तज्ज्ञ बसतात, अभ्यास वाचतात, वाद घालतात आणि शेवटी ज्यावर बहुतेकांचं जमतं ते लिहून काढतात. याला 'तज्ज्ञांची सहमती' म्हणतात. या कागदावरून धोरण होतं, धोरणावरून परिपत्रक निघतं, परिपत्रकावरून खरेदी होते, आणि ती वस्तू किंवा ते इंजेक्शन आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात येतं. किंवा येत नाही.

फरक एवढाच की बियाण्याबद्दल प्रश्न विचारणारा आपला माणूस दवाखान्याच्या बाबतीत गप्प बसतो. "डॉक्टर मोठे, मीटिंगा मोठ्या, आपण काय बोलणार बाप्पा?" असं म्हणून मोकळा होतो. पण या बैठकांचा निर्णय आपल्या घरातल्या बाळंतिणीपर्यंत आणि पाळण्यातल्या लेकरापर्यंत पोचतो. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि शेतकरी मंडळींनी हा विषय समजून घेतला पाहिजे. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. या विषयाचे दोन मोठे धडे आपल्या विदर्भातच घडले आहेत. एक गडचिरोलीत, दुसरा नागपूर भागातल्या गावांत.

साक्षीदार वेगळे, पंच वेगळे

आधी ही पद्धत कुठून आली ते पाहू. अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' या सरकारी संस्थेनं १९७७ साली सहमती परिषदा सुरू केल्या. कारण साधं होतं. बाजारात नवनवी यंत्रं, नवी औषधं, नव्या शस्त्रक्रिया येत होत्या. कोणी म्हणे फायदा आहे, कोणी म्हणे धोका आहे. डॉक्टर गोंधळात आणि रोगी त्याहून गोंधळात.

मग संस्थेनं युक्ती काढली ती आपल्या गावच्या पंचायतीसारखीच. त्या विषयात ज्याचा हितसंबंध नाही, ज्यानं आधीच बाजू घेतलेली नाही, अशा लोकांचं मंडळ नेमायचं. त्यात निरनिराळ्या शाखांचे डॉक्टर असत, तसे डॉक्टर नसलेलेही लोक असत. ज्यांनी संशोधन केलं ते तज्ज्ञ या मंडळापुढं साक्षीदार म्हणून येत. दोन दिवस उघड्या सभागृहात मांडणी चाले आणि प्रश्नोत्तरं होत. मग मंडळ दार लावून बसे, निवेदन लिहून काढी आणि तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांपुढं वाचून दाखवी. साक्षीदार वेगळे, पंच वेगळे, ही त्यातली खरी गोम. अशा दीडशेहून अधिक परिषदा झाल्या. २०१३ साली संस्थेनं हा उपक्रम थांबवला, कारण तोवर पुराव्याची छाननी करणाऱ्या इतर बऱ्याच संस्था उभ्या झाल्या होत्या.

अशा निवेदनाला कायद्याची ताकद नसते. पण वजन असतं. दवाखाने ते पाहतात, विमा कंपन्या पाहतात, सरकारं पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही तज्ज्ञांची समिती पुरावे तपासूनच काढते. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आहे, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तज्ज्ञ समित्या आहेत, आणि नव्या तंत्राचा खर्च व फायदा तोलून पाहण्यासाठी २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली एक वेगळी यंत्रणाही आहे. तिथून निघालेला कागद मुंबईला येतो, मुंबईहून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात, तिथून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं, आणि मग आपल्या पी.एच.सी.त.

आता या वाटेवर काय काय होऊ शकतं, ते दोन गोष्टींतून पाहू.

गोष्ट पहिली : गडचिरोलीची सुई

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. जंगलाचा जिल्हा, दवाखाना लांब, रस्ता नाही. लहान मुलं न्यूमोनियानं जात होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. पण गावातल्या सुईणीला इतकी मोजदाद येत नव्हती. मग त्यांनी मण्यांची पाटी तयार केली. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर श्वास वेगात आहे, औषध सुरू करा. असं हे तंत्र. ना वीज लागते, ना इंग्रजी. गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर त्यामुळं होणारे बालमृत्यू निम्म्याच्या घरात कमी होतात, हे १९९० साली 'लॅन्सेट' या जगातल्या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पुढचा प्रश्न आणखी अवघड होता, तो म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा. आपल्याकडं पाचवी पुजतात, सटवाई नशीब लिहून जाते म्हणतात. पहिल्या आठवड्यात बाळ हाताला लागेल की नाही याची धाकधूक जुन्या लोकांना होती, ती उगाच नव्हती. सर्चनं १९९५-९६ साली ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन पाहणी केली. शंभरातली बेचाळीस बाळं कमी वजनाची निघाली. निम्म्याहून अधिक बाळांना काही ना काही उपचाराची गरज होती. आणि डॉक्टर किती बाळांपर्यंत पोचला? शंभरातल्या तिघांपर्यंतही नाही.

तेव्हा गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाचं वजन घेणं, त्याला उबेत ठेवणं, अंगावर पाजायला आईला मदत करणं, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणं, हे सगळं त्या शिकल्या. आणि बाळाला जंतुदोष झाल्याची ठरावीक लक्षणं दिसली, घरचे लोक दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणंही शिकल्या.

निकाल १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आला. काम सुरू होण्यापूर्वी या गावांत हजार जन्मांमागं ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात. १९९७-९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. जिथं हे काम नव्हतं त्या शेजारच्या ४७ गावांत तो ६० च्या घरातच राहिला. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सोळा-सतरा दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर तीनही नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं सिद्ध झालं मंग सरकारनं दुसऱ्या दिवशी का नाही घेतलं? इथंच बैठकांचा मामला येतो.

बैठकीमागं बैठक, आणि मधली वर्षं

डॉक्टर नसलेल्या, नर्सही नसलेल्या गावच्या बाईच्या हाती नवजात बाळासाठी सुई द्यायची का, यावर तज्ज्ञांचं एकमत होत नव्हतं. शंका अगदीच गैर नव्हत्या. गडचिरोलीत देखरेख कडक होती, ती दुसरीकडं राहील का? डोस चुकला तर? गरज नसताना सुया टोचल्या जाऊ लागल्या तर? आपल्या गावांत 'ताकदीचं इंजेक्शन' मारून पैसे काढणारे लोक काय कमी आहेत? शंका रास्त होत्या, पण त्या फिटेपर्यंत वर्षं जात होती, आणि वर्ष गेलं की त्यासोबत बाळंही जात होती.

इकडं आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, कोरकू लेकरांचे मृत्यू १९९० च्या दशकात साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत गाजले. मंत्री आले, गाड्या आल्या, चौकशा झाल्या. प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. २००१ साली सर्च आणि इतर संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला आणि सरकारी नोंदीत दिसतात त्याहून प्रत्यक्षातले बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत हे दाखवलं. त्यानंतर महाराष्ट्र शासनानं डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. समितीचा पहिला अहवाल २००४ साली आला. घरोघरी नवजात बालसेवा द्या, ही त्यातली एक मुख्य शिफारस होती.

दरम्यान महाराष्ट्रात सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी हा प्रयोग करून पाहिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं इतर राज्यांत तो तपासला. अकराव्या पंचवार्षिक योजनेत त्याला जागा मिळाली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं एकत्र निवेदन काढलं, की बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात घरी जाऊन बाळ पाहा, पहिली भेट पहिल्या चोवीस तासांत आणि दुसरी तिसऱ्या दिवशी. आणि २०११ साली केंद्र सरकारनं साऱ्या देशासाठी मार्गदर्शक सूचना काढून हे काम आशाताईवर सोपवलं.

पण सहमती म्हटलं की देवाणघेवाण आलीच. आशाच्या पिशवीत वजनकाटा आला, थर्मामीटर आला, घड्याळ आलं, बाळाला गुंडाळायचं कापड आलं. जेंटामायसिनची सुई मात्र आली नाही. त्यावर तज्ज्ञांचं जमलं नव्हतं. २०१४ साली केंद्रानं वेगळी सूचना काढली, की बाळाला मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नसेल किंवा घरचे नेत नसतील, तर अशा ठरावीक प्रसंगी उपकेंद्राच्या ए.एन.एम. सिस्टरनं ही सुई द्यावी. पुढच्या वर्षी, २०१५ साली, जागतिक आरोग्य संघटनेनंही दवाखान्यात नेणं जमत नसेल तेव्हा काय करावं याच्या सूचना काढल्या. त्यामागं आफ्रिकेत आणि बांगलादेशात झालेल्या मोठ्या चाचण्या होत्या.

हिशेब करा. गावात सिद्ध झालं १९९९ साली. सिस्टरच्या हाती सुई द्यायची परवानगी आली २०१४ साली. मधे पंधरा वर्षं.

गोष्ट दुसरी : सभागृहात पटलेली सुई

आता याच्या अगदी उलट गोष्ट.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. बाळ श्वास घेऊ शकत नाही. १९७२ साली न्यूझीलंडमधले दोन डॉक्टर, लिगिन्स आणि हाउई, यांनी दाखवलं, की वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात. लिगिन्स यांना याचा सुगावा लागला तो मेंढ्यांवरच्या प्रयोगातून. कोकरू दिवस भरायच्या आत जन्मलं तरी श्वास घेत होतं.

स्वस्त औषध, साधी सुई. तरी वीस वर्षं डॉक्टर लोक ती द्यायला कचरत राहिले. शेवटी १९९४ साली अमेरिकेत वर सांगितलेली सहमती परिषद याच विषयावर भरली. तोवर तिथं वेळेआधी बाळंत होणाऱ्या शंभरातल्या वीस बायांनाही हे औषध मिळत नव्हतं. परिषदेनं सारे पुरावे पाहून स्पष्ट सांगितलं, की द्या, यात बाळ वाचतं. त्यानंतर तिथल्या दवाखान्यांत हे औषध झपाट्यानं रुळलं. सहमती परिषदेनं धोरण बदलल्याचं हे नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण आहे. पुढं काही डॉक्टर तेच औषध एकाच बाईला पुन्हा पुन्हा देऊ लागले, तेव्हा २००० साली परिषद पुन्हा बसली आणि असं सरसकट पुन्हा पुन्हा देऊ नका म्हणून सांगितलं. म्हणजे बैठक बैठकीला दुरुस्तही करते, हा त्यातला चांगला भाग.

मग साहजिकच विचार आला. अमेरिकेच्या दवाखान्यात बाळ वाचतं, तर आपल्या उपकेंद्रात का नको? २०१४ च्या जून महिन्यात केंद्र सरकारनं सूचना काढल्या, की चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झालेल्या बाईला ए.एन.एम. सिस्टरनं डेक्सामेथासोनची पहिली सुई द्यावी आणि पुढं पाठवावं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात एका मोठ्या चाचणीचा निकाल बाहेर आला. ही चाचणी सहा देशांतल्या गावांत झाली होती. भारतातली दोन केंद्रं होती, एक बेळगाव आणि दुसरं आपलं नागपूर. सगळे मिळून जवळपास एक लाख जन्म त्यात मोजले. एका गटातल्या गावांत आरोग्य सेवकांना स्टेरॉइडची सुई द्यायला शिकवलं, दुसऱ्या गटात नेहमीचंच चालू ठेवलं.

निकाल पाहून तज्ज्ञ चक्रावले. ज्या लहान बाळांसाठी सुई होती, त्यांच्या मृत्यूत फरक पडला नाही. उलट सगळी बाळं मिळून पाहिली तर सुई दिलेल्या भागात पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी २७.४ आणि न दिलेल्या भागात २३.९. आयांमध्ये जंतुदोषाचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. पुढं देशवार आकडे वेगळे काढले तेव्हा सगळीकडं चित्र सारखं नव्हतं. पण धोक्याची घंटा वाजली ती वाजलीच.

असं काहून झालं? कारणं गावाकडच्या माणसाला लगेच कळतील. गावात बाईला नक्की कितवा आठवडा आहे हे खात्रीनं सांगता येत नाही. शेवटच्या पाळीची तारीख अंदाजानं, सोनोग्राफी असली तर असली. त्यामुळं ज्यांना सुई मिळाली त्यातल्या बहुतेक बायांची बाळं लहान नव्हतीच. त्यांना औषधाची गरज नसताना औषध गेलं. दुसरं, स्टेरॉइडनं अंगातली जंतूंशी झुंजायची ताकद कमी होऊ शकते. बाईला आधीच जंतुदोष असेल तर तो बळावण्याची भीती. तिसरं, अमेरिकेत बाळाची फुप्फुसं पिकवून काम संपत नाही. पुढं काचेची पेटी असते, ऑक्सिजन असतो, चोवीस तास नर्स असते. गावात सुई पोचली, पण तिच्या मागचा दवाखाना पोचला नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली अटी घातल्या. आठवडा नक्की माहीत असावा, आईला जंतुदोष नसावा, बाळंतपणाची चांगली सोय असावी आणि लहान बाळाला सांभाळायची व्यवस्था असावी, तरच द्या. मग भारतासह पाच देशांतल्या २९ दवाखान्यांत नवी चाचणी झाली. तिचा निकाल २०२० साली आला. जिथं या सोयी होत्या, तिथं हीच सुई कामाची ठरली. साधारण पंचवीस बायांना दिली तर एक बाळ जास्तीचं वाचलं.

सुई तीच आणि औषधही तेच. दवाखान्यात तारलं, गावात अंगाशी आलं. बागायतीची शिफारस कोरडवाहूत आणली की काय होतं, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी वेगळं शिकवायला नको.

दोन गोष्टींतून काय घ्यायचं?

एक औषध गावातच तपासलं गेलं, गावातच पटलं, पण मोठ्या सभागृहांना पटायला पंधरा वर्षं लागली. दुसरं मोठ्या सभागृहात पटलं, पण गावाच्या मातीत ते तपासायच्या आधीच परिपत्रक निघालं. दोन्ही ठिकाणी बसलेले लोक हुशार होते आणि त्यांचा हेतू चांगला होता. अडचण होती ती पुरावा कुठल्या जमिनीतला आणि निर्णय कुठल्या जमिनीसाठी, याचा मेळ बसवण्याची.

म्हणून कोणी 'तज्ज्ञांनी ठरवलंय' म्हटलं की मान डोलवायचीही नाही आणि उगाच नाकही मुरडायचं नाही. तज्ज्ञांच्या सहमतीशिवाय चालायचं ठरवलं तर मैदान भोंदू लोकांना मोकळं होईल. ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, असं होईल. पण सहमती म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. विचारायचे प्रश्न चारच आहेत. बैठकीत कोण होतं? त्यात गावात काम केलेलं कोणी होतं का? पुरावा मोठ्या दवाखान्यातला होता की उपकेंद्रातला? आणि सुईसोबत बाकीची सोय येणार आहे की नुसती सुईच?

डेन्मार्क देशानं १९८७ साली यातला एक वेगळा मार्ग काढला. तिथं तंत्रज्ञानाच्या प्रश्नांवर सामान्य नागरिकांचं मंडळ बसवत. प्रश्न नागरिक विचारत, तज्ज्ञ उत्तरं देत आणि शेवटचा अहवाल नागरिकच लिहीत. तो संसदेपुढं जाई. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला अमरावती जिल्हा होता. गावचे लोक दवाखान्याचं प्रगतीपुस्तक भरत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढं मांडत. म्हणजे प्रश्न विचारायची परंपरा आपल्या जिल्ह्यात आहे. ती विसरू द्यायची नाही, एवढंच.

परिपत्रक आलं, पुढं काय?

राज्याचं चित्र सुधारलं हे मान्य केलं पाहिजे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात पहिल्या महिन्यातले बालमृत्यू हजारी ११ होते, देशात २०. पण सरासरीचा आकडा हा सरासरीच्या पावसासारखा असतो. जिल्ह्यात पाऊस पडला म्हणजे आपल्या शिवारात पडला असं होत नाही. मेळघाटात डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडला, डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेनं धारणी तालुक्यात उतावलीला वर्षानुवर्षं काम उभं केलं ते याच कारणासाठी. जिथं गाडी वेळेवर पोचत नाही तिथं गावातच काही तरी असावं लागतं.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. चांगलं आहे. पण बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि पुढचे धोक्याचे दिवस घरातच जातात. म्हणून आशाताईच्या भेटींचं महत्त्व संपलेलं नाही. २०११ च्या सूचनांप्रमाणे दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही यायचं. या साऱ्या भेटींचे मिळून तिला २५० रुपये ठरले होते. एवढ्या पैशांत बेचाळीस दिवस बाळाची राखण! २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या भेटीही तिच्या कामात आल्या.

सरपंच आणि सदस्य मंडळींनी ग्रामसभेत किंवा ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत काही साधे प्रश्न विचारावेत. दोष देण्याच्या सुरात नाही, घरच्या माणसाला विचारतो तसे.

"आशाताई, तुमचा वजनकाटा चालू आहे का? सेल संपले असतील तर सांगा, समितीच्या पैशातून आणू."

"सिस्टर, जेंटामायसिन आणि लेकराचं अमॉक्सिसिलिन उपकेंद्रात आहे का? त्याची मुदत पाहिली का? कोणत्या प्रसंगी द्यायचं याचं शिक्षण झालं का?"

"डॉक्टरसाहेब, वेळेआधी कळा आल्या तर बाईला आपण कुठं पाठवतो? सरळ डफरीनला किंवा अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात पाठवायचं का? गाडी किती वेळात येते?"

"पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी झालेल्या बाया किती?" हा प्रश्न तर सगळ्यात मोठा. कारण नोंदणी लवकर झाली, तारीख नक्की लिहिली गेली, तरच कितवा आठवडा ते कळतं. आणि ते कळलं तरच ती दुसऱ्या गोष्टीतली सुई तारते, नाही तर मारते. लाखमोलाचं तंत्र शेवटी एका वहीतल्या तारखेवर अवलंबून आहे.

घरच्या माणसांनी एवढं ध्यानात ठेवावं. बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं बारीक झालं, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ सुस्त पडलं किंवा आचके आले, तर रात्र सरायची वाट पाहू नये. आशाताईला हाक मारावी, १०८ किंवा १०२ ला फोन करावा आणि वाटेतही बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून पांघरूण घालून न्यावं. आईचं अंग हीच पहिली काचेची पेटी, तिला वीज लागत नाही. आणि कळा सुरू झालेल्या बाईला किंवा नवजात बाळाला कोणी फिरता डॉक्टर घरी येऊन सुई टोचत असेल, तर औषधाचं नाव विचारल्याशिवाय टोचू देऊ नये.

दिल्लीत आणि जिनिव्हात बैठका होत राहतील. नवी यंत्रं येतील, नव्या लसी येतील, नवी परिपत्रकं येतील. त्या सभागृहांत आपल्याला खुर्ची नसते. पण ज्या दिवशी तो कागद गावात येतो, त्या दिवशी बैठक आपल्या ग्रामसभेत असते. तिथं आपली खुर्ची आहे. ती रिकामी ठेवू नका, आणि बियाण्याच्या दुकानात जो प्रश्न विचारता तोच इथंही विचारा, "साहेब, हे आमच्या जमिनीले चालते का?"